निम्मं वीक, निम्मं ठेव

वाचकहो, अत्यंत गंभीर घोषणा: डळमळत्या शेअरबाजारात तगायची युक्ती मी बोईसर स्टेशनबाहेर, सुक्या बोंबलांच्या टोपलीपाशी शिकलो. आज स्वयंपाकघरात तोच खारट वास दरवळला आणि साठच्या दशकातला मी दिसलो.

लग्नासाठी साठवलेल्या पैशांचे शेअर घेतले होते आणि ते घसरत होते. खोलीवर मी एकटाच. रोज सकाळी पेपरातला भाव दांडी गावाहून बोंबील विकायला येणाऱ्या काशीबायला वाचून दाखवी. मला वाटे, मी बाजाराचा अभ्यास करतोय!

"निम्मं ईक, निम्मं ठेव," ती बजावे. "आमी पावसासाटी बोंबील ठेवतो तसं."

शेवटी घाबरून मी सगळेच विकले. तिला तसं सांगितलंही; तरी दुसऱ्या सकाळी मी पेपर घेऊन हजर!

काशीबाय भर रस्त्यात ओरडली, "आता कसला भाव वाचतोस? बोलाया कोन नाय, असं सांग ना!"