झोक्यावरून झालेला केक

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला घरचा कोणी माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन धुळ्याला गेली तेव्हापासून आमच्याकडचा मुराळी मीच. जळगावहून सकाळची एसटी धरायची, तिच्या सासरी चहा घ्यायचा आणि दुपारच्या उन्हात तिला घेऊन जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी यायचं. आई फाटकात उभी असे.

आई गेली त्या वर्षीची आखाजी दुखवट्यात गेली. झोका बांधला नाही, गोडधोड झालं नाही. पुढच्या वर्षी चैत्र संपत आला तेव्हा मी अक्काला फोन केला.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "आईच्या नावाची घागर भरायला मी माझी येईन. संध्याकाळच्या गाडीने परत जाईन."

मी कारण विचारलं.

"आई होती तोवर ते माहेर होतं. आता तुझं घर आहे. राग नाही हं माझा, खरं तेच सांगते."

पत्नी शेजारीच होती, तिने फोन मागून घेतला.

"अक्का, या तर खरं. मी केक करणार आहे."

मग अक्काने विचारलं, "तुला येतो?"

"नाही."

हा केक आईचा होता. माहेर सोनगीरचं, बोलणं शेवटपर्यंत अहिराणी, आणि केक शिकली ती कॉलनीतल्या बायकांच्या उन्हाळी वर्गात. पातेल्यात वाळू तापवून त्यात दही-सोड्याचा केक भाजायचा, गार झाला की वरून चकती कापून आतला गर काढायचा. त्या पोकळीत रंगीत जेलीचे चौकोनी तुकडे भरायचे: गुलाबाच्या सरबताचे लाल, खसाचे हिरवे, केशराचे केशरी आणि कैरीच्या पन्ह्याचे फिकट पिवळे. वरून दुधाची कोमट जेली ओतायची, म्हणजे तुकडे एकमेकांना धरून बसतात. चकती परत झाकायची. बाहेरून तो साधा तपकिरी केक दिसे. सुरी फिरली की आतले रंग दिसत, आणि ते पाहायला शेजारच्या माहेरवाशिणीही आमच्या ओट्यावर येऊन बसत.

जेली चायना ग्रासची, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या अगर-अगरची असे. एकदा दाजींनी हौसेने धुळ्याच्या बेकरीतून जेलीचा केक पाठवला होता. तो जिलेटीनचा होता. पारोळ्याच्या पुढे गाडीतच खोक्याच्या तळातून लाल पाणी गळायला लागलं आणि माझी पँट खराब झाली. आईने खोकं उघडून पाहिलं. "हाऊ केक शे का सरबत?" ती म्हणाली आणि चमचे घेऊन आली. आम्ही तो वाटीतून प्यायलो. तिच्या चायना ग्रासला मात्र फ्रिज लागत नसे. माठातलं पाणी परातीत ओतून त्यात डबे ठेवायचे आणि वर ओलं फडकं टाकायचं, एवढ्यावर वैशाखातही ती घट्ट होई.

लग्नाआधी या केकची निम्मी कामं अक्काकडे होती. लग्नानंतर आईने तिला स्वयंपाकाच्या ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. अक्का पदर खोचून आत आली की आई बाहेर बोट दाखवायची. "बठ तठे झोकावर. आखाजीले पोर काम करस का?" अक्का हसत बाहेर जायची. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, सगळं तिला झोक्यावर हातात मिळे. केकचा पहिला तुकडाही तिचाच. तो तिला कैरीचे तुकडे जास्त असलेल्या बाजूने कापलेला लागे.

त्या वर्षी आखाजीला अक्का एकटीच आली. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा तिच्या हातात लहानशी पिशवी होती, मुक्कामाची बॅग नव्हती. नानांनी, म्हणजे वडिलांनी, घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, निखाऱ्यावर आईच्या नावाचा घास, म्हणजे आगारी, टाकली. अक्काने हात जोडले. जेवताना ती पाहुण्यासारखी थोडं थोडं वाढून घेत होती. जेवण झाल्यावर तिने स्वतःचं ताट उचलून मोरीत नेलं. नानांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

झोका त्यांनी सकाळीच पोर्चच्या कडीला बांधला होता. "दोर नवा आहे," ते तिला म्हणाले. "बसून पाहा तरी." तिने घड्याळ पाहिलं आणि कडेला टेकली.

स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्येच उघडते. आत पत्नी केकला लागली होती. लाल, हिरवे, केशरी डबे उलटे केले तसे तुकडे सुटून आले. कैरीचा डबा उलटा केला आणि सगळं पन्हं परातीत सांडलं.

"लाइट गेली म्हणून असेल," मी म्हणालो.

"बाकीचे तीन काय फ्रिजमध्ये होते?" ती चिडून म्हणाली. तिने पुन्हा चायना ग्रास भिजवलं, पन्ह्यात घालून उकळलं, डबा पाण्यात ठेवला. बऱ्याच वेळाने बोट लावून पाहिलं तर बोट बुडालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने मला दिसू दिलं नाही.

बाहेर झोका थांबल्याचं मला ऐकू आलं. अक्का दारात उभी होती, पदर खोचलेला. "सर बाजूला," ती म्हणाली. "कैरीचं काय चुकलं ते मला माहीत आहे. दोन मिनिटांचं काम."

पत्नीला त्या क्षणी मदत हवीच होती. कैऱ्या संपत आल्या होत्या आणि उन्हं उतरायला लागली होती. तरी तिने पातेलं सोडलं नाही.

"अक्का, तुम्ही झोक्यावर बसा."

"अगं, तुला येत नाहीये."

"नाही येत. बसल्या जागेवरून सांगा. आखाजीला लेकीने काम करायचं नसतं, या घरात चालत नाही ते."

खोचलेला पदर अक्काने हळूच सोडला, वळली आणि बाहेर गेली. नाना खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर बराच वेळ उलटला गेला नाही.

मग खिडकीतून आवाज आला. "चायना ग्रास नुसत्या पाण्यात उकळ. पन्हं त्याच्याबरोबर उकळलं तर आंबटाने ते धरत नाही."

"मग पन्हं कधी?"

"खाली उतरवून! गॅस बंद कर आधी. केलास?"

"केला."

"आवाज नाही आला."

"गॅस बंद केल्याचा आवाज कसा येणार, अक्का?"

"आईच्या वेळी यायचा," अक्का म्हणाली, आणि झोक्याच्या कड्या करकरू लागल्या. "आता पन्हं ओत. कोमट असू दे, गार नको, गुठळ्या होतील. ढवळ. थांबू नको. काय गं, हात दुखतो का? सूनबाई फारच नाजूक आणली, नाना."

"तू सांग, टोमणे मारू नको," नाना म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं मोठ्याने बोलणं.

पुढचा सगळा केक असाच झाला. दुधाची जेली किती कोमट ते पत्नीने वाटीत आणून दाखवलं, अक्काने झोक्यावरून बोट बुडवून पाहिलं. मला दोनदा माठाचं गार पाणी बदलायला लावलं आणि दोन्ही वेळा कमी आणलं म्हणून बोलून घेतलं.

उन्हं फाटकाबाहेर गेली तेव्हा केक कापला. पत्नीने कैरीची बाजू शोधून तुकडा झोक्यावर नेऊन दिला. पिवळे चौकोन पांढऱ्यात नीट उभे होते. अक्काने खाल्लं.

"आईच्यापेक्षा आंबट झालाय," ती म्हणाली. ताटली पुढे करून तिने आणखी मागितला.

नानांनी विचारलं, "तुझी गाडी किती वाजताची?"

"उद्याची," अक्का म्हणाली. मग पत्नीकडे वळून, "तुझा एखादा गाऊन दे. मी काही आणलं नाही."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी तिला बसवून दिलं. केकचा डबा मांडीवर होता. चालकाने गाडी सुरू केली तेव्हा तिने खिडकीची काच सरकवली.

"बायकोला सांग, पुढच्या आखाजीला मुराळी पाठव म्हणावं. बोलावणं तिचं पाहिजे, तुझं नको. आणि मी एकटी येणार नाही."