पासवर्ड सांगा, पोर न्या

आमच्या क्लबात हरवलेल्या वस्तूंचा एक प्लास्टिकचा डबा आहे. एका पायाचे मोजे, केसांच्या क्लिपा, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दुधाचा दात! दर सफरीला तो डबा भरतो आणि न्यायला कुणी येत नाही. किश्शांचंही तसंच आहे. सहा महिन्यांच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये एवढे साठतात की कुणाला तरी सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. तुम्ही बसलाच आहात, तर घ्या ऐकून.

मी विभा. माहेर मांद्रे, सासर आमोणे, दोन्ही गोव्यातच. एका क्रूझ जहाजावर किड्स क्लबमध्ये काम करते. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, परत मुंबई. लोक पोरं आमच्याकडे सोडतात आणि सुट्टी एन्जॉय करतात. आणि मी माझी सात वर्षांची दुर्वा सासूबाईंकडे सोडून त्यांची पोरं सांभाळते. नवऱ्याची ड्युटी शिफ्टची, त्यामुळे घरातलं सगळं सासूबाईंवरच.

आता म्हणाल, जहाज दर आठवड्याला मुरगावला लागतं ना, मग घर कितीसं लांब? पण त्याच दिवशी नवी पोरं चढतात, नोंदणी असते. आम्हाला पाय काढता येत नाही. सासूबाईंनी दुर्वाला दोनदा बंदराच्या गेटवर आणलं. वीस-वीस मिनिटांची भेट! दुसऱ्या वेळी परत जाताना ती एवढी रडली की सासूबाई फोनवर म्हणाल्या, "विभा, आता मी तिका हाडूचंय नाय. तुका सोसता, तिका सोसना नाय."

आणणार नाही म्हणाल्या, ते बरोबरच होतं त्यांचं. पण तेव्हापासून एकच भीती पोटात बसली. सहा महिन्यांनी मी दारात उभी राहीन तेव्हा पोर माझ्याकडे येईल ना?

*

आमच्याकडे नियम कडक. पोर सोडताना फॉर्मवर पासवर्ड लिहायचा. न्यायला येईल त्याने तो सांगायचा, मगच पोर मिळणार. सख्खा बाप असला तरी! तीनदा चुकला तर जहाजाचं कार्ड दाखवायचं. आम्ही फोटो आणि तोंड जुळवून बघणार, मग रजिस्टरात सही.

एका सफरीला डिचोली-पेडण्याकडची चार कुटुंबं एकदम चढली. संध्याकाळी एक आजोबा आले. चष्मा केबिनमध्ये विसरलेला. "पासवर्ड?" "शांतादुर्गा!" माझ्याबरोबर काम करणारी सुजाता, ती खानापूरची, तिने रजिस्टर बघितलं. वरून पहिली शांतादुर्गा दिसली, त्या ओळीतलं पोर तिने आजोबांच्या हातात दिलं.

अर्ध्या तासाने आजोबा पोराला घेऊन परत! पोराने आधी आइस्क्रीम संपवलं होतं आणि मग सांगितलं होतं, "आजोबा, मी तुमचा नाही."

रजिस्टर तपासलं तर चारही कुटुंबांचा पासवर्ड शांतादुर्गा! आमची मॅनेजर मुंबईची. ती घाबरून त्या पोराच्या आईची माफी मागायला लागली. आई शांतपणे म्हणाली, "देवी तीच ना? मग पोर जाऊन जाऊन जाणार कुठे?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोर्डच लावला, 'पासवर्ड म्हणून गावच्या देवाचं नाव चालणार नाही.' चारही कुटुंबांनी तो बोर्ड नीट वाचला. मग दोघांनी शेजारच्या गावची देवी लिहिली, 'सातेरी', आणि दोघांनी मासा, 'बांगडो'!

*

फॉर्मवर आणखी एक रकाना असतो. पोराला काय खायला चालत नाही? एका आजीने नातवासाठी लिहिलं, 'मासळी. सोमवारी, गुरुवारी.'

आमच्याकडची नवीन मुलगी दिल्लीची. तिने पहिला शब्द कुणाकडून तरी वाचून घेतला आणि पोराच्या मनगटावर लाल पट्टी बांधली. लाल पट्टी म्हणजे अ‍ॅलर्जी! मंगळवारी जेवताना पोराने तळलेल्या सुरमईचा तुकडा तोंडाशी नेला, आणि वाढणाऱ्याने झडप घालून ताट काढून घेतलं. पोराने जे भोकाड पसरलं! आजी धावत आल्या, "आज मंगळवार! आज कित्याक काढून घेतलास?"

शेवटी जहाजाचे डॉक्टर आले. फार सज्जन माणूस. वही उघडून विचारतात, "सोमवारी मासे खाल्ले की त्याला नेमकं काय होतं?"

आजी म्हणाल्या, "तेका काय होतला? होता ता माका!"

*

तुये गावच्या कारखान्यात नोकरीला असलेलं एक जोडपं आलं होतं, मूळचं कोल्हापूरकडचं. कंपनीने सफर बक्षीस दिलेली. सकाळी दहाला जुळ्या मुली आमच्याकडे सोडल्या आणि दोघं दाराबाहेरच्या बाकावर बसले. अकराला बघते तर तिथेच. बाराला बघते तर तिथेच!

सुजाता बाहेर गेली. "अहो, फिरा की जरा. स्विमिंग पूल आहे, सिनेमा आहे."

"फिरलो ओ," बाई म्हणाली. "धा मिनिटांत झालं."

नवरा खाली बघत म्हणाला, "पोरीबिगर काय बोलायचं त्येच सुचंना. आत घेतासा का आमाला?"

मोठ्यांना आत घ्यायची परवानगी नाही. मग सुजाताने दोघांना बाकावरच रंगवायला एकेक चित्र दिलं आणि मधे एक खडूची पेटी. एक वाजता दोघं हिरव्या खडूवरून कडाकडा भांडत होते.

सुजाता मला म्हणाली, "बघ, लागले की बोलायला!"

*

पेडण्याची एक बाई दोन वर्षांच्या मुलीला सोडून गेली. "फक्त एक तास हां. जरा पाय लांब करते."

चार तास पत्ता नाही! केबिनला फोन केला, माणूस पाठवला. नवरा कुठेतरी स्पर्धेत नाचत होता, त्यालाही माहीत नाही. पोर पहिले दोन तास रडली. खेळणं नको, बिस्कीट नको, कडेवरून उतरेना. शेवटी माझ्या एप्रनचा कोपरा मुठीत धरून झोपली. मी तशीच अवघडून बसले. त्या दिवशी माझी कंबर जी धरली, ती अजून सुटलेली नाही.

मग बाई पळत आली. गालावर आरामखुर्चीच्या पट्ट्यांचे वळ! "बाय, माफ कर गो. दोन वर्षांत पहिल्यांदा झोपलंय. कोणी हाक मारली नाय, तशी झोपानच गेलंय. रडली काय गो ती?"

अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला पाठ करून घेतलेलं आहे. मॅनेजरचा हुकूमच आहे. रडलं म्हणून सांगायचं नाही. आई-बाप सुट्टीवर आलेत, त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही. हसायचं आणि म्हणायचं...

मी हसले. "काही हरकत नाही मॅडम, उशीर झाला तरी. एकदम मजेत होती!"

बाईने एवढा मोठा श्वास सोडला की मला माझ्या खोटेपणाचं काही वाटलं नाही. आता तर त्याचं काहीच वाटत नाही. दिवसाला दहा वेळा म्हणते.

*

ओम नावाचा चार वर्षांचा मुलगा. पहिल्या दिवशी आत येईना. तिसऱ्या दिवशी बाहेर जाईना! आई न्यायला आली, पासवर्ड बरोबर सांगितला, तर हा माझ्या मागे लपला आणि म्हणाला, "तू उद्या ये."

सगळे हसले. आईही हसली. मग खाली बसून त्याच्या बुटाची लेस बांधायला लागली. त्या बुटाला लेसच नव्हती.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सुजाता म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराचं एवढं काय लावून घेतीस?" तिला काय सांगणार, मी दुसऱ्याच्या पोराचं लावून घेतलंच नव्हतं!

*

दुपारच्या सुट्टीत मी घरी व्हिडिओ कॉल करायचे. आधी आधी दुर्वा फोनवर यायचीच नाही. सासूबाई मागून ढकलायच्या, "बोल गो, आई आसा." ती नुसती छताकडे बघायची. मग मी तिला क्लबच्या गोष्टी सांगायला लागले. शांतादुर्गेची सांगितली, बांगड्याची सांगितली, तेव्हा पहिल्यांदा हसली. मग तिला सगळं शिकायचं होतं. रजिस्टर कसं आखतात? कार्ड कधी बघतात? तीनदाच का, चारदा का नाही? तिने घरी बाहुल्यांचा क्लब काढला. मला वाटलं, चला, सुटले!

एकदा विचारलं, "आई, न्यायला उशीर केला तर तू ओरडतंस?"

"नाही गो. हसायचं आणि म्हणायचं, काही हरकत नाही, एकदम मजेत होती."

"रडली असली तरी?"

"रडली असली तरी."

"कित्याक?"

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

ती म्हणाली, "बरां." आणि फोन सासूबाईंकडे देऊन पळाली.

*

आता शेवटचा, म्हणजे गेल्या आठवड्यातला.

कॉन्ट्रॅक्ट संपलं. गणपतीची चवथ झाल्यावर गेलेली मी, होळीचा शिगमो आठ दिवसांवर असताना घरी पोचले. हातात दोन बॅगा घेऊन रिक्षातून उतरले. दुर्वा दारातल्या सोप्याच्या कट्ट्यावर बसली होती. पुढ्यात स्टूल, स्टुलावर वही, कानामागे पेन्सिल. मला बघितलं. उठली नाही.

मी बॅगा टाकून हात पुढे केले.

"पासवर्ड?" ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही.

"शांतादुर्गा," मी म्हटलं.

"गावच्या देवाचा नाव चलना नाय."

"बांगडो."

"चूक."

"दुर्वा."

"तीनदा झाला. कार्ड दाखव."

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "गो बाय, असां काय करतंस? आई ती!" दुर्वाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी पर्समधून जहाजाचं कार्ड काढून दिलं. तिने फोटो बघितला. मग माझं तोंड बघितलं. परत फोटो बघितला. एवढा वेळ तर मी कुणाच्या बापाला लावला नव्हता!

मग तिने वही माझ्याकडे फिरवली. पट्टीने आखलेले रकाने होते. सगळ्यात वरची ओळ: 'नाव: दुर्वा. आत: चवथ सोंपल्यार. कोणी सोडली: आई.' पुढे 'बाहेर' आणि 'सही' हे दोन रकाने कोरे. खाली बाहुल्यांची पानंच्या पानं भरलेली, सगळ्या बाहुल्या वेळेवर नेलेल्या.

"हंय सही कर."

मी केली. तिने ती नीट तपासली, वही मिटली, पेन्सिल वहीवर ठेवली. मग उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधले, आणि मी हसते तशी हसून म्हणाली,

"काही हरकत नाही मॅडम, उशीर झाला तरी. एकदम मजेत होती!"