जलसेतूखालचं गळकं पाणी

नारायणगावच्या अलीकडे आमचा कालवा एका ओढ्यावरून जातो. उंच खांब आणि त्यावर सिमेंटची लांबच लांब पन्हळ. धरणापासून इथवर पाण्याला कुठंच पंप नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारावरून ते आपलं आपण येतं. ओढा आडवा आला की उंची न गमावता या जलसेतूवरून पलीकडं जातं. त्यावर देखरेख ठेवणं हीच माझी नोकरी.

पन्हळीचा एक सांधा गळायचा. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की त्या धारेखाली एक म्हातारी तांब्या घेऊन बसलेली दिसायची. एकदा तिनंच विचारलं, "भाऊ, धरणातलं पाणी इथं कवा पोचतं?"

"दीड-दोन दिवसांत."

"मंग हे परवाचं व्हय." तिनं धारेखाली हात धरला. "आमचं गाव धरणाच्या तळाला हाय. मालकांना तिथंच नदीकाठी अग्नी दिला. आता तिथं जाता येत न्हाई, म्हनून हितं येते."

मग म्हणाली, "हे पाणी कवा माघारी जातं का वो?"

"नाही मावशी. उतार एकाच बाजूला असतो."

कालवा बंद झाल्यावर तो सांधा मी दुरुस्तीला काढला. काढणं भागच होतं. आतली सळई गंजत होती. कोरड्या पन्हळीत उतरलो. तळाशी धरणातून आलेला काळा, मऊ गाळ. त्यावर पाय देण्याआधी चपला काढून ठेवल्या.

पुढच्या आवर्तनाला ती आली. वर बघत म्हणाली, "बंद केलंत व्हय?" आवाजात राग नव्हता. मीच ओशाळलो. तिचा तांब्या घेऊन काठावर चढलो, कालव्यातून भरून आणला.

ती बराच वेळ त्यात पाहत राहिली. "हे तुमी उपसून आणलंत," ती म्हणाली. "ते आपनहून खाली येत व्हतं."

पाणी तिनं खांबाच्या बुडाशी ओतलं आणि निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. मंचरला लेकीकडं गेल्याचं ओढ्याजवळच्या वस्तीवर कळलं.

पुढं एका आवर्तनात, पाणी वाहत असताना, शिडी लावून सांधा तपासायला गेलो. हात फिरवला, कोरडा ठणठणीत. खाली उतरून सहज खांबाला कान लावला. आत कुणीतरी सावकाश चालत असल्यासारखं वाटलं. पाण्याचाच आवाज, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरी त्या दिवसापासून मी त्या जलसेतूखाली डबा खायला बसत नाही.