दहा लाख नऊ

शिक्षकांच्या खोलीत दोनच गोष्टी साठतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ निदान झटकता तरी येते! आमच्या घाटकोपरच्या शाळेतले हे किस्से शब्दन्‌शब्द खरे, देवाशपथ. म्हणजे... माणसं खरी, आकडा खरा. बाकीचं मी आहेच!

*

गणिताचे पेंडसे सर. निवृत्तीला एकच वर्ष राहिलेलं. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांसमोर, भर मॅट्रिकच्या वर्गात, त्यांनी फळ्यावर लिहिलं : १०००००९. म्हणाले, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जायचा नाही!"

"कशावरून?" साहेब म्हणाले.

पोरं फिसकन हसली. सर तापले. "भाग गेला तर त्याच दिवशी राजीनामा!"

"झकास! महिन्याभरात लेखी कळवा."

वाट लागली ना!

*

हजारच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघायचं होतं. सरांनी सहा शिक्षकांना अठ्ठावीस-अठ्ठावीस वाटून दिल्या. संस्कृतच्या शास्त्रीबुवांच्या वाट्याला पहिलाच आला दोन! बुवांनी पानभर भागाकार मांडला आणि ओरडले, "एक उरला हो!"

"अहो बुवा, शेवटी नऊ आहे ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण नुसतं बघून सही कशी करू?"

*

भूगोलाच्या कुलकर्णीबाईंनी अकरानं भागलं, उरले दहा. तेरानं भागलं, दहा. सदतिसानं भागलं, परत दहाच! बाई वही टाकून उठल्या. "सर, तुमच्या आकड्याला काहीतरी लागलंय!"

"काही लागलेलं नाही, बाई. ९९९९९९ ला या तिघांनीही पुरता भाग जातो. मग मागे राहणार दहाच!"

बाईंनी तरी तिन्ही भागाकार पुन्हा करून बघितले. अशा बाई!

*

ड्रिलमास्तर तावडे मालवणकडचे. शाळेची सहल मनोरीला गेली, तर हे ओल्या वाळूत काठीनं भागाकार करत बसले. २९३ नं भागलं. ३४१३ वेळा गेला, बाकी शून्य! पुन्हा केला. पुन्हा शून्य! पलीकडे पेंडसे सर पोरांना शहाळी वाटत होते.

तावड्यांनी पायानं वाळू सारखी केली.

"काय तावडे, गेला का भाग?"

"नाय ओ सर! सात रवले!"

सात उरले, असं सरांनी वहीत टिपून घेतलं.

*

सहा सह्यांचा कागद साहेबांकडे गेला. सर वर्षभर दिमाखात शिकवत राहिले. निरोपाच्या दिवशी, गळ्यात हार तसाच ठेवून, त्यांनी तावड्यांना व्हरांड्यात गाठलं.

"दोनशे त्र्याण्णव मी मुद्दाम तुमच्या यादीत घातला होता."

"म्हंजे तुमका म्हायत होता?"

"साहेब फाटकाबाहेर पडायच्या आत!"

"मगे माकाच कित्याक?"

"कुलकर्णीबाईंनी खरं सांगितलं असतं!"

आता कबुली. तावडे नावाचे ड्रिलमास्तर आमच्या शाळेत कधी नव्हतेच. त्यांची मालवणी मी रचलेली. मनोरीच्या वाळूतला तो पाय माझा.