उजवा गाल, डावा गाल

माझ्या आईने आयुष्यातली पहिली लाली ऐंशीव्या वर्षी विकत घेतली, आणि तीही मेल्यावर लावायला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोकांना वाटेल की मी कुठल्या तरी समारंभाच्या तयारीबद्दल बोलतेय. म्हणजे समारंभच होता तसा. पण मला त्यात हसू यायला बराच वेळ लागला.

आम्ही जबलपूरला, कांचघरला राहायचो, आई आणि मी. वडील जाऊन एकवीस वर्षं झाली होती. मी लग्न केलं नाही, बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, ढिगाने बेडूक चिरले आणि निवृत्त होऊन आईशी भांडायला घरी बसले. त्या वर्षी आमच्या नात्यातल्या दोन बायका पंधरवड्याच्या अंतराने गेल्या. पहिली आईची चुलतबहीण. तिचा नवरा मागे होता, म्हणून तिला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट आणि हातभर गजरा. बायका म्हणाल्या, लग्नातसुद्धा इतकी छान दिसली नव्हती. दुसरी माझी मोठी काकू, आईची थोरली जाऊ, गढ्याला राहायची. ती विधवा होती, त्यामुळे पांढरी साडी आणि ओठांवर तुळशीचं पान, बस. बायका म्हणाल्या, अगं बाई, किती ओढलेली दिसतेय, नुसता कणकेचा गोळा. आणि माझी काकू जिवंतपणी त्या चुलत मावशीपेक्षा दहा पटींनी देखणी होती.

आम्ही ऑटोने परतलो. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी, दारातच उभी राहून म्हणाली, "मला अशी नेऊ नको. कुंकू नाही लावू देणार, ठीक आहे. पण गालाला कोणी मनाई केली आहे का?"

मी चिडले. म्हटलं, तुला काही झालेलं नाही, तू शंभर वर्षं मला छळणार आहेस, तेव्हाचं तेव्हा सांग. ती म्हणाली, तेव्हा मी कशी सांगू? यावर मी आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मी साक्षीदार. विधवेच्या गालाला शेवटच्या वेळी लाली चालते का, असं सरळ विचारलं. गुरुजींनी प्रश्न पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाले, कपाळाचं माहीत आहे, भांगाचं माहीत आहे, गालाबद्दल बघून सांगतो. त्यांनी खरोखर बघितलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की गालाच्या विरोधात काही सापडलं नाही, फक्त आंघोळ घातल्यानंतर लावा, आधी लावलीत तर मेहनत वाया जाईल. आई माझ्याकडे बघून म्हणाली, माणूस शिकलेला आहे.

मग बाजार. कांचघरच्या बाजारात एक फॅन्सी स्टोअर आहे, तिथे काउंटरमागे एक विशीतली मुलगी बसते, बोलण्यात भारी चुणचुणीत. आई स्टुलावर बसली. मुलीने तिच्यासमोर दोन डब्या उघडल्या, एक क्रीमची, एक पावडरची, आणि आईचा गाल दोन बोटांनी असा तपासला जसा मी कधी बेडूकसुद्धा तपासला नव्हता. तिचं म्हणणं पडलं की या वयात क्रीमच घ्यावी. पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि रेघा उठून दिसतात. क्रीम मात्र बोटाने थोपटली की अंगाच्या गरमीने पिघळते आणि कातडीत मिसळून जाते, आतून लाली आल्यासारखी वाटते.

आईने विचारलं, "और बदन गरम न हो तो?"

मुलगी म्हणाली की थंडीत असं होतं, तेव्हा आधी हात चोळून घ्यायचे. आई मान डोलवत राहिली. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

मग आईने विचारलं, किती तास टिकते. मुलगी म्हणाली, आठ. आईने मनात हिशेब केला. हा हिशेब मामाचा होता. मामा नागपूरला असतो, आईहून सहा वर्षांनी लहान, आणि तो आल्याशिवाय आमच्याकडे कोणाला हलवायची पद्धत नाही. त्याला गाडीने यायला सहा तास लागतात. त्यात त्याला दुसरं मत घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मोतीबिंदूला दोन डॉक्टर, पंक्चरला दोन दुकानं, माझ्या पत्रिकेला चार ज्योतिषी, आणि चौघांनी माझं लग्न न होण्याची चार वेगवेगळी कारणं सांगितली. तर सहा तास मामाचे आणि दोन वरखर्चाला, असे आठ तास आईला पुरेसे वाटले. शेवटचा प्रश्न तिने विचारला की लेटने पर कैसा रहता है. मुलगी म्हणाली, आंटी, करवट लेंगी तो तकिये को लग जाएगा. आई म्हणाली, "करवट नहीं लूँगी."

आम्ही दोन्ही डब्या घेऊन घरी आलो.

आता निकाल कसा लावायचा? आईने रंगीत तालीम ठरवली. एका दुपारी ती हॉलमधल्या दिवाणावर पांढरी चादर घालून आडवी झाली, उजव्या गालावर क्रीम, डाव्या गालावर पावडर. एवढ्याने तिचं समाधान होईना. नाकात कापूस घातल्याशिवाय एकूण चेहरा कसा दिसतो ते कळणार नाही, म्हणून मला कापूस आणायला लावला. मी बाहेर जायचं, चपला काढून आत यायचं, आणि बघताक्षणी मनात येईल ते पहिलं वाक्य बोलायचं. मी आत आले आणि म्हटलं, आई, उठ. ते वाक्य तिने बाद केलं. मी दुसऱ्यांदा बाहेर गेले आणि तेवढ्यात पाठीमागच्या घरातल्या भाभी, ज्यांचं आमच्याकडे रोजचं जाणं-येणं, मागच्या दाराने कढीचं भांडं घेऊन आत शिरल्या.

मी पोचेपर्यंत भाभी जमिनीवर बसल्या होत्या आणि कढी दिवाणाखाली चालली होती. आईने एक डोळा उघडला. नाकात कापूस असल्यामुळे तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला. तिने विचारलं, "दायाँ अच्छा या बायाँ?"

भाभींना मी पाणी दिलं, साखर दिली, वारा घातला. मी आईवर इतकी ओरडले की शेजारच्या गच्चीवर माणसं आली. आई आपली शांत, उत्तराची वाट बघून राहिली होती. शेवटी भाभींनीच, बाई कमालीच्या, डोळे पुसले, दोन्ही गाल नीट निरखले आणि म्हणाल्या, "बायाँ, अम्माजी. दायाँ में तो आप ज़िंदा लग रही हैं."

आईला हे एकदम पटलं. तिने कापूस काढला आणि जाहीर केलं की मेल्यावर पावडर, आणि क्रीम जिवंतपणी. डब्या वाया घालवायच्या नाहीत. पावडरीची डबी तिने जांभळ्या काठाच्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवली, तीच साडी नेसवायची असं बजावून. क्रीमची डबी देवघराशेजारच्या कोनाड्यात गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरी नवीन नेम सुरू झाला. आंघोळ, देवपूजा, मग आरशासमोर उभं राहून दोन बोटांनी दोन्ही गालांवर टिपके. ती थोपटायची आणि मग स्वयंपाकघरातल्या मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "मिसळलं." म्हणजे अंग गरम आहे, आज ती आहे. मी चहा गाळायला घ्यायची. सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. पुढे पुढे अशी गत झाली की 'मिसळलं' ऐकल्याशिवाय मी चहा गाळतच नसे.

ग्वारीघाटावरची फूलवाली तिला दहा वर्षं माताजी म्हणायची, ती एक दिवस दीदी म्हणाली. आईने त्या दिवशी फुलांचे दोन द्रोण जास्त घेऊन नर्मदेत सोडले. मराठी मंडळात कुजबुज झाली. कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारलं, आईंचं काही ठरलंय का. आमच्या गल्लीतले डॉक्टर तर कहर. दर महिन्याला बीपी बघायला यायचे, त्यांनी आईचे गाल बघितले, म्हणाले रक्त छान वाढलंय, आणि रक्तवाढीच्या गोळ्या बंद केल्या. आईने गोळ्यांची डबी खुशीने आत ठेवून दिली. मीच पुढच्या आठवड्यात जाऊन त्यांना खरं सांगितलं आणि गोळ्या चालू करून घेतल्या. हा किस्सा मी मामाला फोनवर सांगितला. मामा हसला नाही. त्याने फक्त विचारलं की मग दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं.

मागच्या जानेवारीत, सकाळी, मला हाक आली नाही. आठ वाजले तरी आंघोळीचा आवाज नाही. मी चहाचं पातेलं गॅसवरून उतरवलं आणि तिच्या खोलीत गेले. ती झोपेतच गेली होती, कुशीवर, दुकानात जी करवट घेणार नाही म्हणून तिने सांगितलं होतं तीच घेऊन.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, कागद लिहून दिला. मामाला फोन केला, तो लगेच निघाला. भाभी आणि आणखी दोन बायकांनी मिळून आईला आंघोळ घातली, जांभळ्या काठाची साडी नेसवली. मी पावडरची डबी उघडली. आतला ब्रश तालमीनंतर वापरलेलाच नव्हता. तिने सांगितलं होतं तसं मी लावलं, दोन्ही गालांना, हलक्या हाताने.

वाईट दिसलं. त्या मुलीने सांगितलं होतं तेच झालं, पावडर रेघारेघांत जाऊन बसली आणि आई नव्वदीची दिसायला लागली. मला वाटलं, एवढं एक काम सांगितलं होतं तिने आणि तेवढंही मला जमत नाही. भाभींनी ओला रुमाल पुढे केला. मी सगळं पुसलं. मग भाभी स्वतःच उठल्या आणि कोनाड्यातली क्रीमची डबी घेऊन आल्या.

मी टिपका ठेवला आणि थोपटला. तो टिपकाच राहिला. आई गार होती, क्रीम काही हलेना. आणि मला त्या स्टुलावर बसून मान डोलवणारी आई आठवली. तिला त्याच वेळी कळलं होतं. कोणीतरी माझ्यासाठी आणलेला चहाचा ग्लास भाभींनी माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, मग तळहात चोळले, क्रीम माझ्या बोटांवर पातळ होऊ दिली आणि मग तिच्या गालावर टेकवली. असं सात-आठ वेळा केलं. हळूहळू ती पसरली. मी मोठ्याने म्हटलं, "मिसळलं." तोपर्यंत मी रडले नव्हते.

आई सुंदर दिसत होती. दारात येणारी प्रत्येक बाई तेच म्हणाली.

दुपारी दोनच्या सुमाराला मामा आला. अंगणात तिरडी बांधून तयार होती, गुरुजी पळी-पंचपात्र घेऊन बसले होते. मामा आईजवळ गेला, वाकला, आणि ताडकन सरळ झाला. म्हणाला, हिच्या गालावर रक्त आहे. मी म्हटलं, मामा, ती लाली आहे, मी लावली आहे. तो म्हणाला की तू शोकात आहेस, तुला काय कळतंय. मी डबी दाखवली. डबीकडे त्याने बघितलंही नाही. डॉक्टरने सकाळी तपासलंय, असं चार जणांनी सांगितलं, तर तो म्हणाला, "त्या डॉक्टरला लाली आणि रक्त यातला फरक कळत नाही. तूच सांगितलं होतंस मला."

बोलणं माझंच होतं. शेवटी मागच्या गल्लीतल्या दवाखान्यातून एका तरुण डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या येईपर्यंत सगळे जिथल्या तिथे थांबले. खांदेकऱ्यांनी गमछे खांद्यावरून उतरवले. गुरुजींनी पळी खाली ठेवली. मामा आईचा हात धरून बसला होता आणि हळूहळू चोळत होता.

डॉक्टरीणबाई गुडघे टेकून बसल्या, त्यांनी स्टेथोस्कोप लावला. मी भिंतीला टेकून उभी होते. ती लाली मी माझ्या हाताने लावली होती, त्या गालाचा गारवा अजून माझ्या बोटांत होता, बत्तीस वर्षं मी पोरांना जिवंत आणि मेलेलं यातला फरक शिकवला होता. आणि तरी मी बघून राहिले होते त्या बाईंच्या तोंडाकडे, की आता त्या मान वर करून हसतील.

त्यांनी आईच्या गालावरून अंगठा फिरवला, अंगठ्यावरचा गुलाबी रंग बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि मामाला हळू आवाजात म्हणाल्या, नहीं, अंकल. मामा बसल्या जागी लहान मुलासारखा रडला. मग नाक पुसून म्हणाला, ताई दिसते मात्र छान.

अंगठ्याने उजव्या गालावरचा रंग थोडा निघाला होता. मी सगळ्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं, हात चोळले आणि पुन्हा लावला.