मुंजाजीकाकांचा आमरस

पालमला माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. रक्त दुपारपर्यंत तपासून होतं, किस्से मात्र उरतात. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "आधी हात धुवा."

एका आजीला शुगरसाठी रिकाम्या पोटी बोलावलं होतं. नेमकी एकादशी. "काही खाल्लं न्हाई बाबा, उपास हाय. वाटीभर साबुदाणा अन् दोन केळी, बस." म्हटलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या दोन भाकरी खाऊन. म्हणे, "आज कुठं उपास हाय?"

झरीच्या एका शेतकऱ्यानं तर भावालाच पाठवलं. फोनवर म्हणाला, "मला टाइम न्हाई. ह्याचं घ्या, एकाच घरचं रक्त हाय की."

पण खरी गंमत शेजारच्या मुंजाजीकाकांची. किराणा दुकान, वर घर, आणि जीव आमरसात. उन्हाळ्याच्या तोंडावर शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने पथ्य पाळा. रिपोर्ट चांगला आला तर वाटीभर आमरस." काकूंनी त्याच दिवशी गूळ-साखर कुलपात घातली आणि कारल्याचा रस सुरू केला.

एकदा सकाळी काका आदल्या दिवशीचा उपाशीपोटीचा रिपोर्ट घेऊन तणतणत आले. "रातभर पोटात काही न्हाई, मग साखर आली कुठून?" मी समजावलं, भाकरीची साखर होते, उरलेली लिव्हर साठवून ठेवतं आणि रात्री मोडून रक्तात सोडतं.

"म्हंजे मला कारलं, अन् हे लिव्हर रातच्याला गुपचूप वाटप करायलंय?"

टेस्टला आठवडा राहिला तेव्हा काकांनी जेवण अर्धं केलं. मी म्हटलं, या टेस्टमध्ये मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं. काका गार पडले. "इतकं ध्यानात ठेवायला हे रक्त हाय का बायको?"

टेस्टला काकूही सोबत आल्या. काका म्हणाले, "आलीच हाय तर हिचंबी घे."

संध्याकाळी रिपोर्ट आले. काकांचा एकदम झकास. काकूंची शुगर मात्र लय वाढलेली. काकू खाली मान घालून म्हणाल्या, "पाहुण्यांचे पेढे, सणाचं पुरण... घरात राहिलं तर हे खातील, म्हणून मीच संपवत होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा रिकामा डबा परत द्यायला वर गेलो. काकूंपुढं कारल्याचा रस. काकांपुढं आमरसाचं अख्खं पातेलं. मी म्हटलं, "काका, वाटीभर म्हणाले होते डॉक्टर."

काकांनी मान वर केली नाही.

"घरात राहिला तर ही खाईल, म्हणून मीच संपवायलोय."