कपाटातले दाखले

सरांनी माझ्या पोटरीवर वेताची छडी हाणली, ती माझ्या आईसमोर. ईट गावाच्या बाहेर, आमच्या पारध्यांच्या वस्तीवर. "दुखलं का?" म्या न्हाय म्हणलं. मग दुसरी हाणली, जोरात. मी हलले न्हाय. सर हसले. आईला म्हणाले, "तुमची जात पळायलाच जन्मली. आजवर पोलिसांनी पळवली, आता मी पळवतो." आई हात जोडून उभी व्हती. तिला वाटलं, लेकीचं नशीब निघालं.

सर धाराशिवच्या एका कॉलेजात खो-खोचे कोच. त्यांची टीम अशीच उभी राहिली. जत्रेतल्या शर्यती, झेडपीच्या शाळांची मैदानं, सगळं हिंडायचे. अनवाणी पळणारी पोरगी दिसली की तिच्या दारात जीप. होस्टेल फुकट, जेवण फुकट. बदल्यात कागदं, तीबी ओरिजिनल. दुसऱ्या कॉलेजनं पोरगी नेऊ नये म्हणून. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी आईनं चार वर्सं तहसीलला हेलपाटे घातले व्हते. तो दाखला सरांच्या कपाटात गेला.

खो मिळाला अन् उठायला उशीर झाला की पाठीवर छडी. हरलो तर समद्यांना रांगेत उभं करून. जिंकलो की सरांचा सत्कार, अन् आमी टाळ्या वाजवायचो. लई लाज वाटती आता.

तिसऱ्या वर्षी सर मला नळदुर्गकडं घेऊन गेले. नवी पोरगी आणायची व्हती, नुकती दहावी झालेली. दर वर्षी ते एक जुनी खेळाडू ब्लेझर घालून संगं न्यायचे, आईबापांचा विश्वास बसावा म्हणून. जीपमधी म्हणाले, "सांगायचं, सर बापासारखे आहेत."

पोरीच्या दारात सरांनी छडी उचलली. तिनं पाय मागं घेतला. माझं डोकंच फिरलं. म्या छडी हिसकली अन् गुडघ्यावर मोडली. सरांनी थोबाडीत मारली, ओठ फुटला. म्या पोरीच्या आईचा हात धरला अन् ब्लेझरखालून माझ्या पाठीवर फिरवला. बाईची बोटं वळांवर थांबली. "मावशी, कागदं देऊ नका," एवढंच बोलले.

"तुझा दाखला जाळतो," सर म्हणाले. "मग बघू कुठं शिकतेस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी जिमखान्यात गेले, सरांचं कपाट तिथंच व्हतं. गोळाफेकीचा गोळा उचलला अन् त्याच्या कुलपावर घातला. तिसऱ्या दणक्याला कुलूप तुटलं. सर धावत आले. वेणी धरून मला भिंतीवर आपटलं. मी त्यांच्या मनगटाला चावले, दात रुतेस्तोवर. हात सुटला. सगळ्या पोरींचे दाखले ओढणीत बांधले अन् होस्टेलवर वाटले.

मला कॉलेजातून काढलं. केस घातली, चोरीची. पारधीण म्हणल्यावर दुसरी कशाची घालणार?

सर अजून सरच हायत. सुट्टी लागली की जीप निघती. मीबी निघते, एसटीनं. कुठल्या गावात कुठली पोरगी पळती, मलाबी कळतं. त्यांच्या आधी दारात जाऊन बसते. आईला सांगते, झेरॉक्स द्या, ओरिजिनल न्हाय. पोरीला सांगते, तो मारायला आला की हात धर त्याचा. मोडला तर मोडू दे. कोर्टाच्या तारखेला दोघी मिळून जाऊ.